जिम मार्टिन : वय 18 सांगून गॅलिपोलीच्या खंदकात पोहोचलेला 14 वर्षांचा मुलगा

तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पावर 'लोन पाईन' नावाचं एक स्मारक आहे. ज्यांची कबर सापडत नाही किंवा ज्यांना समुद्रातच दफन करावं लागलं, अशा 4,900 हून अधिक सैनिकांची नावं त्याच्या भिंतींवर कोरलेली आहेत. त्यातलंच एक नाव जेम्स चार्ल्स मार्टिन. घरचे त्याला जिम म्हणत. पहिल्या महायुद्धात मरण पावलेला सर्वात लहान ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणून तो ओळखला जातो. मृत्यूच्या वेळी त्याचं वय होतं 14 वर्षं 9 महिने.

जिमचा जन्म 3 जानेवारी 1901 चा, न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवॉल या छोट्या गावातला. पुढे कुटुंब मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात आलं. बहिणींमध्ये हा एकुलता एक भाऊ. शाळा सुटल्यावर तो शेतावर मजुरी करू लागला होता.

1914 मध्ये युद्ध सुरू झालं. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात सक्तीची भरती नव्हती, जो जाईल तो स्वखुशीने. जिमचे वडील भरतीला गेले, पण त्यांना नाकारण्यात आलं. मग जिमने ठरवलं की आपण जायचं. आईवडिलांनी अर्थातच नकार दिला. त्यावर पोराने असा डाव टाकला की त्यांना बोलायला जागाच उरली नाही. परवानगी दिली नाही तर दुसऱ्याच नावाने भरती होईन आणि घरी एकही पत्र लिहिणार नाही, असं त्याने सांगितलं. खोटं नाव म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तरी घरी कळण्याचा मार्ग नाही. शेवटी आई अमेलियाने संमतीपत्र दिलं.

21 वर्षांखालच्या मुलांना असं पत्र लागायचं. जन्माचा दाखला मात्र सहसा कोणी मागत नसे. 12 एप्रिल 1915 रोजी जिमने वय 18 सांगितलं आणि तो 21 व्या बटालियनमध्ये दाखल झाला. गॅलिपोलीवर सैन्य उतरलं 25 एप्रिलला, म्हणजे त्यानंतर. तिथल्या हाणामारीच्या बातम्या यायच्या आधीच त्याने सही केली होती.

28 जून रोजी 'बेरिमा' जहाजाने तो निघाला. इजिप्तमध्ये थोडं प्रशिक्षण झालं आणि तिथून गॅलिपोलीकडे जाताना 2 सप्टेंबरला लेमनोस बेटाजवळ त्याच्या 'साउथलँड' जहाजावर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो डागला. जिम सुमारे चार तास पाण्यात होता. त्यातून वाचला आणि आठवड्याभरात खंदकात हजर झाला.

गॅलिपोलीत शत्रू फक्त समोरच्या खंदकात नव्हता. अरुंद जागेत हजारो माणसं, पाण्याची टंचाई, उघडे संडास, न पुरलेली प्रेतं आणि या सगळ्यावरून उठून जेवणावर बसणाऱ्या माश्या. त्यामुळे जुलाब आणि विषमज्वर, म्हणजेच टायफॉइड, यांनी गोळ्यांइतकीच दहशत बसवली होती.

9 ऑक्टोबरला जिमने घरी शेवटचं पत्र लिहिलं. आपलं छान चाललंय, काळजी करू नका, असा त्याचा सूर होता. तक्रार एकच, निघाल्यापासून घरचं एकही पत्र मिळालेलं नाही. घरचे तर लिहीत होते. पण ती पत्रं त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. ज्या मुलाने पत्र न लिहिण्याची धमकी देऊन परवानगी मिळवली होती, तो आता पत्राची वाट पाहत होता.

25 ऑक्टोबरला टायफॉइडने खंगलेल्या जिमला 'ग्लेनार्ट कॅसल' या इस्पितळी जहाजावर नेण्यात आलं. त्याच संध्याकाळी त्याचं हृदय बंद पडलं. जहाजावरच्या मेट्रन फ्रान्सेस रेडॉक यांनी नंतर त्याच्या आईला पत्र पाठवलं. आता बरं वाटतंय असं म्हणून त्याने सेवा करणाऱ्यांचे आभार मानले, तो झोपायला आडवा झाला आणि शांतपणे गेला, असं त्यात होतं.

त्याला समुद्रातच दफन केलं गेलं. दोन महिन्यांच्या आत, 20 डिसेंबरच्या पहाटेपर्यंत, त्या किनाऱ्यावरून सगळं ऑस्ट्रेलियन सैन्य माघारी घेण्यात आलं. ही मोहीम फसली होती आणि तिच्यात 8 हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन मरण पावले होते.

2001 साली अँथनी हिल यांनी जिमच्या आयुष्यावर 'सोल्जर बॉय' हे पुस्तक लिहिलं. त्याच्या भरतीच्या कागदांवर मात्र त्याने सांगितलेलं वयच आहे, 18.