डलहौसीचं घर, भोसल्यांचं घर

मी शहापूरचा, भंडारा-नागपूर रस्त्यावरचा. आज मात्र बोलणार आहे स्कॉटलंडमधल्या एका गढीबद्दल. जरा थांबा, तिचा आपल्याशी संबंध आहे!

एडिनबरोजवळ साउथ एस्क नदीच्या काठी तांबूस दगडाची डलहौसी गढी आहे. रॅमझे घराण्याची. जाड भिंती, गोल बुरूज. घर कमी, किल्ला जास्त. 1400 मध्ये इंग्लंडचा राजा चौथा हेन्री याच्या फौजेनं वेढा घातला, तरी गढी पडली नाही. याच गढीत 1812 मध्ये एक मुलगा जन्मला. शाळेच्या पुस्तकातला 'संस्थानं खालसा करणारा लॉर्ड डलहौसी' तो हाच.

आता नागपूरला, महालात या. इथं भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या पाषाणाचा, आणि त्यावर लाकडाचं भरगच्च कोरीवकाम. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघूजी वारले, मुलगा नव्हता. राण्यांना दत्तक घ्यायचा होता. डलहौसीनं तो हक्क मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं. आपला भंडाराही त्यातच गेला.

मला मात्र राज्यापेक्षा घरातलं सामान गेलं ते जास्त टोचतं. हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. बरेचसे दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. म्हाताऱ्या बाकाबाई, म्हणजे दुसऱ्या रघूजींची राणी, म्हणाल्या की सामान हलवलंत तर वाडा पेटवून देईन. ही गोष्ट जॉन के या इंग्रज इतिहासकारानंच लिहून ठेवली आहे, बरं का. सामान तरीही हललं.

बाकाबाई 1858 मध्ये गेल्या. वाडा खरंच जळाला, पण 1864 मध्ये. उरला तो नगारखान्याचा मोठा दरवाजा.

आणि डलहौसी? भारतातून आजारी होऊन परतला, 1860 मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारला. कुठं? तर जिथं जन्मला त्याच गढीत. तिथं पुढं हॉटेल झालं. पैसे भरले की त्या बुरुजाखाली कुणीही रात्र काढू शकायचा, अगदी नागपूरचा माणूसही.