उभे व आडवे मशीनिंग सेंटर

मशीनिंग सेंटर हे मिलिंग, ड्रिलिंग, बोअरिंग आणि आटे पाडणे ही कामे संगणकीय नियंत्रणाखाली करणारे व टूल आपोआप बदलणारे यंत्र आहे. स्पिंडल उभा असल्यास त्यास व्हर्टिकल मशीनिंग सेंटर किंवा व्हीएमसी आणि आडवा असल्यास हॉरिझॉन्टल मशीनिंग सेंटर किंवा एचएमसी असे म्हणतात. आपोआप टूल बदलणाऱ्या आरंभीच्या यंत्रांपैकी मिलवॉकी-मॅटिक हे यंत्र अमेरिकेतील कर्नी अँड ट्रेकर कंपनीने इ.स. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार केले. त्याचा स्पिंडल आडवा होता.

== रचनेतील फरक ==

व्हीएमसीमध्ये टूल वरून खाली उतरते. त्यामुळे एका बांधणीत मुख्यतः जॉबच्या वरच्या पृष्ठावर काम होते. जॉब ठेवणे व कटाईवर नजर ठेवणे सोपे जाते. मात्र खोल खाचांत चिप साचतात आणि पुन्हा टूलखाली येऊन पृष्ठ व टूल दोन्ही खराब करतात.

एचएमसीमध्ये चिप गुरुत्वाकर्षणाने खाली पडतात. तिचे टेबल उभ्या अक्षाभोवती फिरत असल्याने एकाच बांधणीत जॉबच्या चार बाजूंपर्यंत टूल पोहोचते. बहुतेक एचएमसींना दोन पॅलेट असतात. एकावर कटाई चालू असताना दुसऱ्यावर पुढचा जॉब बांधता येतो. समान क्षमतेच्या व्हीएमसीच्या तुलनेत एचएमसीची किंमत बरीच जास्त असते आणि तिला जागाही अधिक लागते.

== अचूकता ==

जॉब सोडून पुन्हा बांधताना संदर्भपृष्ठ बदलते व थोडी चूक शिरण्याची शक्यता असते. गिअरबॉक्सच्या समोरासमोरील भिंतींतील बेअरिंगचे बोअर एका रेषेत नसतील, तर बेअरिंग लवकर निकामी होते. अशा जॉबसाठी एका बांधणीतील काम महत्त्वाचे ठरते.

== वेळेचा हिशेब ==

चार बाजूंवर प्रत्येकी ५ मिनिटे कटाई आणि प्रत्येक बांधणीस ४ मिनिटे लागणारा जॉब उदाहरणादाखल घेतल्यास:

* साधी व्हीएमसी, चार बांधण्या : ३६ मिनिटे
* फिरते टेबल जोडलेली व्हीएमसी, एक बांधणी : २४ मिनिटे
* दोन पॅलेटची एचएमसी : सुमारे २० मिनिटे

५०० नगांसाठी हा वेळ अनुक्रमे ३००, २०० व सुमारे १६७ तास होतो. १० नगांसाठी मात्र साध्या व्हीएमसीवर ६ तास आणि एचएमसीवर सुमारे ३ तास २० मिनिटे लागतात. ही बचत फिक्स्चर तयार करण्यातच संपू शकते. फिरत्या टेबलामुळे दोन्ही यंत्रांमधील बरेचसे अंतर भरून निघते, हेही यातून दिसते.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

कोल्हापूरच्या फाउंड्रींतील ओतीव भाग आणि पिंपरी-चिंचवडचा वाहनउद्योग यांत एकाच भागाची मोठ्या संख्येने पुनरावृत्ती होते. इंजिन ब्लॉक व गिअरबॉक्सची कवचे यांसारख्या अनेक बाजूंच्या भागांसाठी तेथे एचएमसी उपयुक्त ठरते.

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि वणी परिसरातील कोळसा खाणी आहेत. अशा उद्योगांच्या दुरुस्तीकामात नग थोडे आणि प्रकार अनेक असतात. शाफ्ट व रोलर हे मुळात लेथचे काम आहे. पट्ट्या, फ्लँज व बेअरिंगच्या बैठका यांसाठी व्हीएमसी पुरेशी असते. जिनिंगचा हंगाम कापूस वेचणीनंतर चालतो, त्यामुळे त्या काळात सुटा भाग लवकर मिळणे महत्त्वाचे असते. केवळ अशा कामावर अवलंबून असलेल्या कार्यशाळेत एचएमसी बराच काळ रिकामी राहण्याचा व कर्जाचे हप्ते थकण्याचा धोका संभवतो.

== निवडीचे निकष ==

* एका जॉबच्या किती बाजूंवर काम आहे
* एका खेपेतील नगसंख्या व मागणीची शाश्वती
* बोअरच्या परस्पर स्थानाची अपेक्षित अचूकता
* जॉबचे वजन व आकार
* उपलब्ध जागा, पाया, वीजपुरवठा आणि दुरुस्तीसेवेचे अंतर

बाजू अनेक व मागणी सातत्याची असल्यास एचएमसीची जादा किंमत वसूल होऊ शकते. सपाट जॉब, साचे आणि सुटी कामे यांसाठी व्हीएमसी अधिक किफायतशीर ठरते.