शंभर दिवस आधी

पर्यायी इतिहासाच्या चाहत्यांचा एक लाडका प्रश्न आहे. सैन्य थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या खास नौका, म्हणजे लँडिंग क्राफ्ट, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच तयार असत्या तर? उत्तर बहुतेक वेळा गॅलिपोलीत जाऊन पोचतं. इस्तंबूल पडलं असतं, रशियाला रसद मिळाली असती, कदाचित क्रांतीही टळली असती. मला हा खेळ मनापासून आवडतो. पण गॅलिपोलीपुरता हा ‘जर’ इतिहासाने स्वतःच करून पाहिलाय.

२५ एप्रिल १९१५. गॅलिपोली द्वीपकल्पाच्या टोकाला ‘व्ही बीच’ नावाची छोटी पुळण. ब्रिटिशांनी ‘रिव्हर क्लाइड’ हे कोळशाचं जहाज सुमारे दोन हजार सैनिकांसह मुद्दाम तिथे रुतवलं. जहाजाच्या कुशीत दारं कापलेली. दारातून अरुंद फळीवर, फळीवरून एकमेकांना बांधलेल्या पडावांवर, तिथून पाण्यात आणि मग वाळूत. पडाव जागेवर राहीनात, तेव्हा कमांडर एडवर्ड अनविन स्वतः पाण्यात उतरून ते धरून उभा राहिला. शेजारी डब्लिन फ्युझिलिअर्सचे सैनिक उघड्या होड्यांतून वल्ही मारत येत होते. समोरच्या तुर्की बंदुकांना नेम धरायला भरपूर वेळ होता. ज्यांना जखम जिवावरची नव्हती, असेही कित्येक जण पाठीवरच्या ओझ्यामुळे बुडाले.

चीड आणणारी गोष्ट ही की यावरचा उपाय तेव्हा इंग्लंडमध्ये बांधला जात होता. ॲडमिरल फिशरला बाल्टिक समुद्रातून जर्मनीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं. त्यासाठी त्याने फेब्रुवारीतच दोनशे ‘एक्स-लायटर’ मागवले होते. लांबी शंभर फुटांहून थोडी जास्त, स्वतःचं इंजिन, गोळ्या अडवणारा पत्रा, पोटात पाचशे माणसं आणि नाळेवरून खाली पडणारी उतरती फळी. एप्रिलमध्ये यातला एकही गॅलिपोलीला नव्हता. सैनिकांनी पुढे त्यांना ‘बीटल’, म्हणजे भुंगा, असं नाव दिलं.

हे भुंगे पोचले शंभर दिवसांनी. ६ ऑगस्टच्या रात्री, जरा उत्तरेकडच्या सुवला उपसागरात. काही उथळ पाण्यात रुतले, पण एकंदरीत काम चोख झालं. ७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत वीस हजारांच्या आसपास सैन्य उतरलं होतं. समोर तुर्क जेमतेम दीड हजार, आणि काही किलोमीटरवरच्या टेकड्या जवळजवळ रिकाम्या. आणि मग? मग काहीच नाही. पाणी कमी पडलं, हुकूम अस्पष्ट होते, जनरल स्टॉपफर्ड जहाजावरच थांबला. ९ तारखेला टेकड्यांवर मुस्तफा केमालचं सैन्य होतं.

एवढ्यावर समाधान नसेल तर २५ एप्रिललाच ‘वाय बीच’वर काय झालं ते बघा. तिथे जुन्याच होड्यांतून दोनेक हजार सैनिक विरोधाशिवाय कड्यावर चढले. दोन कर्नलांपैकी प्रमुख कोण, यावरच गोंधळ होता. दिवसभर ते तिथेच बसून राहिले, रात्री हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत जहाजावर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की कुणीतरी हमखास नवीन टूल मागतं, म्हणून ही दोन उदाहरणं मला जास्तच भिडतात. व्ही बीचवर भुंगे असते तर शेकडो जीव वाचले असते, यात मला शंका नाही. इस्तंबूल मात्र पडलं नसतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर पुढे काय करायचं, याचा अभ्यास करायला पुढची वीस वर्षं गेली. अमेरिकन मरीन कोअरने गॅलिपोलीची चिरफाड करून १९३४मध्ये नियमावली लिहिली. नौका मात्र नव्हती. ती जपानकडे होती. १९३७मध्ये शांघायला व्हिक्टर क्रुलाक या तरुण लेफ्टनंटने नाळेवर फळी असलेल्या जपानी नौकांचे फोटो काढून वॉशिंग्टनला पाठवले. अहवाल फायलीत पडून राहिला, वर ‘चीनमधल्या कुणा वेड्याचं काम’ अशा अर्थाचा शेरा. न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्सने फळीवाली होडी बांधली १९४१ साली.

माझा ‘जर’ इथला आहे. कारण आता ज्ञान होतं, सेनापती होते, योजना होत्या, आणि तुटवडा होता तो नौकांचाच. नॉर्मंडीवरची चढाई मे १९४४वरून जूनवर गेली, त्याचं एक मोठं कारण हेच. आपल्याला जास्त जवळची गोष्ट अंदमानची. मार्च १९४२पासून ही बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. १९४४च्या वसंतात ती परत घ्यायची ‘बकनीअर’ ही मोहीम ठरली होती. नोव्हेंबर १९४३मध्ये कैरोला रूझवेल्टने च्यांग कै-शेकला तसा शब्दही दिला. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घेतला गेला, कारण त्या नौका युरोपात हव्या होत्या. माउंटबॅटनकडच्या नौका भूमध्य समुद्राकडे निघून गेल्या.

३० जानेवारी १९४४ला होम्फ्रीगंजला हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या गेल्या. मोहीम झाली असती तरी हे टळलं नसतं, तारखा जुळत नाहीत. पण ऑगस्ट १९४५मध्ये शेकडो भारतीयांना बोटींत कोंबून हॅवलॉक बेटाकडे नेऊन समुद्रात उतरवलं. बहुतेक बुडाले, किनारा गाठलेले उपाशी मेले. हॅवलॉक म्हणजे आजचं स्वराज द्वीप, जिथे आपण स्कूबा डायव्हिंगला जातो.

भारतीय ब्रिगेड पोर्ट ब्लेअरला उतरली ऑक्टोबर १९४५मध्ये, जपानने शरणागती पत्करल्यानंतर.