मुलांवर हात उचलू नका, असं जगाला ठणकावून सांगणारी गोष्टीवाली आजी

लाल केसांच्या दोन वेण्या, त्याही दोन बाजूंना ताठ उभ्या राहिलेल्या. दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे लांब मोजे आणि पावलांच्या दुप्पट मोठे बूट. वय वर्षं नऊ. आई लहानपणीच गेलेली, बाप समुद्रात वाहून गेलेला. घरात सोबतीला एक माकड, एक घोडा आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेली बॅग. अंगात ताकद एवढी की घोडा सहज उचलते. रात्री झोपायला सांगणारं कुणी नाही, शाळेत जायचं की नाही हेही तीच ठरवणार.

ही पिपी लाँगस्टॉकिंग. जगातल्या कित्येक पिढ्या हिच्या गोष्टी वाचत मोठ्या झाल्या. हिला जन्माला घालणाऱ्या लेखिकेचं नाव अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन.

अ‍ॅस्ट्रिडची पुस्तकं १०० हून जास्त भाषांमध्ये गेली. पण स्वीडनमध्ये तिची ओळख फक्त पुस्तकांपुरती नाही. मोठ्यांच्या जगात मुलांची बाजू घेऊन आयुष्यभर भांडलेली बाई, अशी तिची तिकडे ओळख आहे. तिने मुलांची बाजू इतकी लावून का धरली, याचं उत्तर तिच्या आयुष्यातच सापडतं.

अ‍ॅस्ट्रिडचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७ चा. स्वीडनच्या दक्षिणेला स्मोलांड प्रांतात विमरब्यू नावाचं छोटं गाव आहे. तिथं तिचे वडील चर्चची जमीन खंडाने कसायचे. चार भावंडं, घरात कामं भरपूर आणि काम संपलं की दिवसभर हुंदडायला मोकळीक. हे बालपण फार सुखाचं होतं, असं ती शेवटपर्यंत सांगायची. ‘एमिल’ सारख्या तिच्या पुस्तकांत दिसणारं खेडं ते हेच.

शाळा संपल्यावर ती गावातल्या वर्तमानपत्रात शिकाऊ म्हणून लागली. तिथं पेपरच्या संपादकापासून तिला दिवस गेले. तेव्हा तिचं वय १८ आणि तो तिच्याहून कितीतरी मोठा, मुलाबाळांचा बाप. लग्नाची त्याची तयारी होती, अ‍ॅस्ट्रिडने नकार दिला. १९२६ साली छोट्या गावात लग्नाआधीचं गरोदरपण म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तिने गाव सोडलं, स्टॉकहोम गाठलं आणि टायपिंग व शॉर्टहँड शिकायला सुरुवात केली.

बाळाच्या बापाचं नाव सांगावं लागू नये म्हणून बाळंतपणासाठी ती शेजारच्या देशात, डेन्मार्कच्या कोपनहेगनला गेली. डिसेंबर १९२६ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव लार्स. पण हातात नोकरी नाही, राहायला धड जागा नाही. शेवटी लार्सला तिथल्याच एका कुटुंबात सांभाळायला ठेवून ती स्टॉकहोमला परतली.

पुढची तीन वर्षं ऑफिसात टायपिंग करायचं, पोटाला चिमटा काढून पैसे साठवायचे आणि जमेल तेव्हा रेल्वेने कोपनहेगन गाठून पोराला भेटायचं, असं चाललं. लार्सला सांभाळणाऱ्या बाई आजारी पडल्या आणि १९३० मध्ये तो स्वीडनला आला. आधी काही महिने आईजवळ, मग गावी आजीआजोबांकडे. १९३१ मध्ये अ‍ॅस्ट्रिडने स्ट्युरे लिंडग्रेन यांच्याशी लग्न केलं, तेव्हा कुठं मायलेक कायमचे एका घरात आले. १९३४ मध्ये मुलगी झाली, कारिन.

पण आई नसलेल्या घरात पोराने काढलेली ती वर्षं अ‍ॅस्ट्रिड कधीच विसरली नाही. पुढे तिच्या पुस्तकांत एकटी मुलं पुन्हा पुन्हा येत राहिली. ‘मिओ, माय सन’ मधला मिओ परक्या घरात वाढतो आणि बापाची वाट बघतो. रासमूस अनाथाश्रमातून पळतो, कारण त्याला आईबाप हवे असतात. पिपीचं वरवर सगळं मजेत चाललंय, पण घरी तीही एकटीच आहे.

या पिपीचा जन्मही आजारपणातला. १९४१ च्या हिवाळ्यात कारिनला न्यूमोनिया झाला. अंथरुणात पडल्या पडल्या तिने आईला सांगितलं, पिपी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग. हे नाव पोरीने त्या क्षणी मनानेच रचलं होतं. नाव विचित्र म्हणून अ‍ॅस्ट्रिडने मुलगीही तशीच विचित्र केली. पुढची दोन-तीन वर्षं या गोष्टी घरातच चालू राहिल्या.

मार्च १९४४ मध्ये बर्फावरून पाय घसरून अ‍ॅस्ट्रिडचा घोटा मुरगळला. सक्तीची विश्रांती मिळाली, तेव्हा तिने या गोष्टी शॉर्टहँडमध्ये उतरवून काढल्या आणि कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला हस्तलिखित भेट दिलं. एक प्रत बोनियर्स या स्वीडनच्या मोठ्या प्रकाशकाकडे पाठवली. सोबतच्या पत्रात, हे वाचून तुम्ही बालकल्याण खात्याला माझ्या घरी पाठवणार नाही अशी आशा आहे, असा चिमटाही काढला. बोनियर्सने पुस्तक नाकारलं.

अ‍ॅस्ट्रिडने ते सुधारून राबेन अँड शोग्रेन या छोट्या प्रकाशनाच्या स्पर्धेत पाठवलं. १९४५ मध्ये त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि पुस्तक बाजारात आलं. पोरांनी ते डोक्यावर घेतलं. मोठ्यांपैकी काहींनी मात्र, असलं वाचून पोरं बिघडतील म्हणून आरडाओरडा केला. पुढे याच प्रकाशनात अ‍ॅस्ट्रिड १९४६ ते १९७० अशी २४ वर्षं बालसाहित्याची संपादक होती. सकाळी स्वतःचं लिखाण आणि दुपारी ऑफिसात इतरांची पुस्तकं, असा तिचा दिनक्रम असायचा.

१९७६ मध्ये तिने वेगळाच पंगा घेतला. स्वीडनच्या करप्रणालीत तिच्या वाढीव कमाईवर १०२ टक्के कर बसत होता, म्हणजे १०० कमावले तर १०२ भरायचे. तिने यावर वर्तमानपत्रात एक परीकथाच लिहिली. अर्थमंत्री म्हणाले, बाईंना गोष्टी येतात, हिशेब येत नाही. हिशेब बाईंचाच बरोबर निघाला. त्याच वर्षी ४० हून जास्त वर्षं सत्तेत असलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निवडणूक हरला. या पराभवाला इतरही कारणं होती, पण या परीकथेची चर्चा आजही होते.

तिच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं भाषण १९७८ मधलं. जर्मनीत फ्रँकफर्टला तिला पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार जाहीर झाला. तिने भाषण आधी पाठवलं, तर आयोजकांनी सुचवलं की भाषण न करता पुरस्कार घ्या. भाषण नाही तर मीही येत नाही, अशी तिने अट घातली आणि ते भाषण केलंच.

त्यात तिने एका आईची गोष्ट सांगितली. पोराने खोडी केली म्हणून आईने त्यालाच छडी शोधून आणायला पाठवलं. बऱ्याच वेळाने पोरगं रडत आलं. छडी सापडली नाही, पण हा दगड आणलाय, हा मारलास तरी चालेल, असं ते म्हणालं. आईला मला दुखापतच करायची आहे, मग दगड काय आणि छडी काय, असा त्याचा हिशेब. आईला रडू फुटलं आणि तिने तो दगड कायमची आठवण म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. जगात युद्धं नको असतील तर सुरुवात घरात मुलांना मारणं थांबवण्यापासून करावी लागेल, असं अ‍ॅस्ट्रिडचं म्हणणं होतं.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, स्वीडनने घरातही मुलांना मारायला कायद्याने बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. कायद्याची तयारी आधीपासून सुरू होती, त्यामुळे तो एकट्या अ‍ॅस्ट्रिडने आणला असं म्हणता येणार नाही. पण लोकांच्या मनात हा विचार रुजवण्यात तिचा वाटा मोठा होता. आज अशी पूर्ण बंदी असलेले ६० हून जास्त देश आहेत. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे, घरातल्या माराबद्दल मात्र असा वेगळा कायदा नाही.

ऐंशीच्या उंबरठ्यावर ती गोठ्यातल्या आणि खुराड्यातल्या जनावरांसाठी भांडली. १९८८ मध्ये स्वीडनमध्ये नवा प्राणी संरक्षण कायदा आला, त्याला लोक लिंडग्रेनचा कायदाच म्हणतात. तिला स्वतःला मात्र तो कमजोर वाटला आणि तसं तिने बोलूनही दाखवलं.

२८ जानेवारी २००२ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी स्टॉकहोममधल्या राहत्या घरी तिचं निधन झालं. त्याच वर्षी स्वीडन सरकारने तिच्या नावाने ५० लाख क्रोनरचा आंतरराष्ट्रीय बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. २०१५ पासून स्वीडनच्या २० क्रोनरच्या नोटेवर तिचा फोटो आहे आणि त्याच नोटेवर पिपीसुद्धा आहे.