समरकंद, इस्तंबूल की काहिरा?

निवृत्तीचे पैसे हातात आले आणि घरात ठरलं, या हिवाळ्यात परदेशी जायचं. मी, बायको आणि मुलगी. आमच्या घरातून याआधी देशाबाहेर गेलेली व्यक्ती एकच, अम्मी. ती धाकट्या भावासोबत उमरा करून आली आहे. त्यामुळे बातमी कळताच तिचा पहिला सवाल आला, "उमरा छोड को कां फिरने जा रा रे?"

उमऱ्याला जायचंच आहे. पण आयुष्यभर मी शाळेत इतिहास शिकवला, तो सगळा पुस्तकातून. ज्या शहरांची नावं फळ्यावर लिहिली, त्यातलं एक तरी डोळ्यांनी पाहावं ही इच्छा जुनी आहे. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुरआन पुन्हा पुन्हा सांगतं. अम्मीला एवढंच सांगितलं. ती गप्प बसली, पण राजी झाली नव्हती.

मग प्रश्न आला, कुठे जायचं? बायकोने तुर्की मालिका पाहिलेल्या, तिला इस्तंबूल हवं. मुलीने फोनवर निळे घुमट पाहिलेले, तिला समरकंद. माझ्या मनात काहिरा. तिन्ही शहरं ऐतिहासिक, तिन्ही मुसलमानांच्या इतिहासात मोठी. पैसे मात्र एकाच प्रवासापुरते.

गंमत म्हणजे ही तिन्ही शहरं आणि आपला मराठवाडा पाहिलेला एक माणूस इतिहासात आहे, इब्न बतूता. १३२६ साली तो काहिऱ्यात होता. पुढे समरकंद पाहिलं, कॉन्स्टँटिनोपल पाहिलं आणि १३४२ च्या सुमारास तो दौलताबादेत आला. इथला किल्ला आणि गाणाऱ्यांचा बाजार त्याने लिहून ठेवलाय. पण त्याने पाहिलेलं समरकंद चंगेजखानाच्या स्वारीतून अजून नीट सावरलेलं नव्हतं. आज ज्यासाठी लोक तिथे जातात त्या रेगिस्तान चौकातला सगळ्यात जुना उलुगबेगचा मदरसाही १४१७ ते १४२० मधला. कॉन्स्टँटिनोपल तेव्हा ख्रिस्ती सम्राटांचं होतं आणि हागिया सोफिया हे चर्च होतं. इस्तंबूलची निळी मशीद तर १७ व्या शतकातली. काहिरा मात्र त्याने पाहिलं तेव्हाच भरात होतं. ९७० मध्ये बांधायला घेतलेली अल-अजहर आणि त्याहून जुनी, ८७९ मधली इब्न तुलून मशीद तेव्हाही उभी होती, आजही आहे.

पण नुसतं जुनेपण पाहून शहर निवडायचं नाही. आपल्या मातीशी त्याचा धागा काय, हे मला पाहायचं होतं.

समरकंदचा धागा सरळ आहे. १९४८ पर्यंत हिंगोलीवर ज्या निजामाचं राज्य होतं, त्या आसफजाही घराण्याचा पूर्वज ख्वाजा आबिद समरकंदकडचा. तो मोगलांच्या चाकरीत शिरला आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात मेला. त्याचा नातू पहिला निजाम झाला, आणि आज तो खुलताबादेत विसावला आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीजवळ दफन असलेले बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे.

इस्तंबूलचा धागा अलीकडचा आहे. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना १९२४ मध्ये तुर्कस्तानातून हद्दपार केलं, तेव्हा सातव्या निजामाने त्यांना तनखा बांधून दिला. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे त्यांची मुलगी दुर्रेशहवार निजामाच्या थोरल्या मुलाला दिली. खलिफांच्या दफनासाठी खुलताबादच्या बाजूला मकबराही बांधला गेला. ते १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले आणि शेवटी मदिनेत दफन झाले. मकबरा रिकामाच राहिला.

दोन्ही धागे खरे आहेत. पण ते राजांचे, सरदारांचे आणि पीरांचे. माझे कुठले?

हा प्रश्न डोक्यात येण्याचं कारणही सांगतो. इस्तंबूल-समरकंदचं नाव निघालं तेव्हा चहाच्या टपरीवर एक जुने सहकारी हसत म्हणाले, "काय सर, मूळ गावी निघालात का?" त्याच आठवड्यात एका लग्नात आमच्याच एका नातेवाइकाने छाती फुगवून सांगितलं, "अपने बुजुर्ग तो उधरसेच आए ना!" एकाने चेष्टेत म्हटलं, दुसऱ्याने अभिमानाने, म्हणणं एकच. आपण इथले नाही.

आम्ही मोमीन. माझ्या आजोबांच्या घरात हातमाग होता. मराठवाड्यातले मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार यांचे बहुतेक पूर्वज कुठल्या लष्करासोबत घोड्यावरून आले नाहीत. ते इथेच होते, इथलंच काम करत होते. नरसी हे नामदेवांचं गाव. नामदेव शिंपी होते, फिरत फिरत पंजाबात घुमानपर्यंत गेले. कापड शिवणाराही दूर जातो आणि गावचाच राहतो, हे आमच्या जिल्ह्याला माहीत आहे.

आणि इथेच काहिऱ्याचं पारडं जड झालं. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस'. त्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेही आहे. भडोच बंदरापासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, पैठणपासून पूर्वेला तेर १० दिवसांवर. रस्ता धड नाही, तरी पैठणहून रंगीत दगड आणि तेरहून साधं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई. तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे, पुढे उंटांवरून नाईलपर्यंत आणि नाईलवरून अलेक्झांड्रियाला. तेव्हा काहिरा नव्हतं, इस्लामही यायचा होता. पण नदी हीच.

हा व्यापार पुढेही थांबला नाही. जुन्या काहिऱ्यात, फुस्तातमध्ये, मध्ययुगातल्या भारतीय छापील कापडाचे कितीतरी तुकडे सापडले. त्यातले बरेचसे गुजरातचे. म्हणजे राजे बदलले, धर्म बदलले, तरी इथल्या कापडाला तिथे गिऱ्हाईक होतं. त्या विणणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. पण माझा धागा मला सापडला तो यातच.

बाकी व्यवहाराच्या गोष्टीही बोलाव्या लागतात. जानेवारीत समरकंदला रात्री पारा शून्याखाली जातो. इस्तंबूलला थंडी आणि वर पाऊस. काहिऱ्यात दिवसा १८-१९ अंश, म्हणजे आपल्या हिंगोलीच्या थंडीतल्या सकाळीसारखं. बायकोचे गुडघे लक्षात घेता हे कारणही इतिहासाइतकंच वजनदार ठरलं. तिला सांगितलं, इस्तंबूल उन्हाळ्यासाठी राखून ठेवू. मुलीला पिरॅमिड दाखवायचं कबूल केलं.

अम्मीला मात्र यातलं काही सांगावं लागलं नाही. काहिरा म्हणजे मिस्र, एवढं कळताच ती उठून बसली. युसुफ अलैहिस्सलाम विकले गेले ते मिस्र, मूसा अलैहिस्सलाम नदीत सोडले गेले ते मिस्र. शाळेत न गेलेल्या माझ्या आईला या तिघांतल्या एकाच शहराचा मुलूख आधीपासून ठाऊक होता. म्हणाली, "नील नदी देखेंगे क्या? जाओ फिर."

तिकिटं काढली आहेत. काल टपरीवर त्याच सहकाऱ्यांनी विचारलं, "मग, ठरलं का मूळ गाव?"

म्हटलं, "मूळ गाव हेच. आम्ही गिऱ्हाइकाच्या गावाला चाललोय."