तलावाचं पाणी आणि डेटा सेंटर : परभणीच्या गावांनी कोणते कागद बघायचे

यूपीआयने पैसे पाठवले, पीक विम्याचा फॉर्म भरला, मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, की ते काम कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये होतं. डेटा सेंटर म्हणजे हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालू असलेली इमारत. महाराष्ट्रातली मोठी सेंटर आज ऐरोली, महापे, रबाळे, चांदिवली आणि पुण्याच्या आसपास आहेत. राज्याच्या 2023 च्या आयटी धोरणात या उद्योगाला सवलती आहेत. अशा प्रकल्पाला मोठी सलग जमीन, भरपूर वीज, चांगला रस्ता आणि पाणी लागतं. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून आखलेला आहे, आणि जमिनीचा भाव इथे मुंबई-पुण्यापेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे उद्या एखाद्या तलावाकाठी असा प्रकल्प मागितला गेला तर गावाच्या हातात काय असतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पाणी कशाला लागतं?

सर्व्हर तापतात, त्यांना थंड ठेवावं लागतं. त्याची एक पद्धत घरच्या कूलरसारखीच. पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. मे महिन्यात परभणीत कूलरची टाकी दिवसातून किती वेळा भरावी लागते, हे सांगायला नको. कूलरच्या ताटीवर शेवटी जसा पांढरा थर बसतो, तसे इथेही क्षार साचतात. म्हणून क्षार आणि शेवाळ मारणारी रसायनं मिसळलेलं पाणी अधूनमधून बाहेर सोडावं लागतं. दुसरी पद्धत हवेने किंवा बंद नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याने थंड करायची. तिच्यात पाणी फार कमी लागतं, पण वीज जास्त जाते.

पाण्याचा हिशेब साधा आहे. पाण्याने थंड होणाऱ्या सेंटरसाठी एका युनिट विजेमागे सुमारे 1.8 लिटर पाणी, ही सरासरी नेहमी धरली जाते. 100 मेगावॅटचं सेंटर पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला 24 लाख युनिट, म्हणजे सुमारे 43 लाख लिटर पाणी. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरतात. त्या मापाने हे 78 हजार माणसांचं पाणी झालं. 12 हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे 360 टँकर.

वर्षाचं हे पाणी होतं साधारण 1.6 दलघमी (एक दलघमी म्हणजे 100 कोटी लिटर). सेलू तालुक्यातल्या निम्न दुधना प्रकल्पाचा जिवंत साठा सुमारे 242 दलघमी आहे, येलदरीचा त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणजे भरलेल्या मोठ्या धरणापुढे हा आकडा किरकोळच आहे. सगळं धरण कंपनी पिऊन टाकणार, असं कुणी गावात सांगत असेल तर ते खरं नाही. पण हाच आकडा गावाच्या लघु तलावाला लावला तर अख्खा तलाव संपतो. पाझर तलाव तर त्याहून कितीतरी लहान. शिवाय धरण रिकामं असलं तरी सर्व्हर बंद ठेवता येत नाहीत. शेतीची पाळी चुकवता येते, त्यांची येत नाही. खरं भांडण दुष्काळी वर्षाचं आहे.

2016 मध्ये काय झालं होतं

हे मराठवाड्याने एकदा पाहिलेलं आहे. 2016 च्या उन्हाळ्यात जायकवाडीत फक्त मृतसाठा उरला होता. परभणीपर्यंत येणारा डावा कालवा कोरडा होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागत होतं, आणि तेव्हाही औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यांना, त्यात बिअर आणि दारूच्या कारखान्यांनाही, त्याच धरणातून पाणी जात होतं. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. एप्रिलअखेर न्यायालयाने मद्यनिर्मिती उद्योगांचं पाणी आधी 50 टक्के आणि 10 मेपासून 60 टक्के कापायला सांगितलं. इतर उद्योगांची कपात आधी 20, मग 25 टक्के. 27 जूनपर्यंत हा आदेश लागू होता.

त्या कारखान्यांनी पाणी चोरलं नव्हतं. त्यांच्याकडे मंजूर कोटा होता, करार होता. टंचाईत तो आपोआप कमी होईल अशी सोय मात्र नव्हती, म्हणून कुणाला तरी कोर्टात जावं लागलं. कोटा मंजूर होतानाच कपातीची अट घातली असती तर ही वेळ आली नसती.

प्राधान्य शेतीला, पण...

राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा नंबर होता आणि शेती तिसरी. 2011 मध्ये हा क्रम बदलला : आधी पिणं, मग शेती, मग उद्योग. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचं, हा निर्णय राज्य मंत्रिमंडळाच्या हाती गेला. म्हणजे क्रम शेतकऱ्याच्या बाजूने आणि वाटप मुंबईत. कालवा सल्लागार समिती पाळ्या ठरवते, पण उद्योगाचा कोटा तिच्या बैठकीत ठरत नाही.

पाणी वापर संस्थेचं इथे महत्त्व आहे. 2005 च्या कायद्याखाली नोंदलेल्या आणि करार केलेल्या संस्थेला पाण्याचा हक्क मोजून मिळतो. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जापेक्षा अशा संस्थेची हरकत जड असते. बऱ्याच ठिकाणी या संस्था नुसत्या बोर्डापुरत्या उरल्या आहेत. त्या जाग्या करायला प्रकल्प येण्याची वाट पाहायची गरज नाही.

जनसुनावणी होईलच असं नाही

मोठा प्रकल्प म्हटलं की जनसुनावणी होणार, अशी गावात समजूत असते. डेटा सेंटरच्या बाबतीत ती धोक्याची आहे. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत डेटा सेंटर असा वेगळा उद्योगच नाही. 20 हजार चौरस मीटरच्या वरचं बांधकाम म्हणून ते मंजुरीला जातं, आणि बांधकाम प्रकल्पांना त्या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे.

एमआयडीसीसाठी जमीन घ्यायची असेल तर 1961 च्या कायद्याच्या कलम 32(2) ची नोटीस येते. ती ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. ज्याची विहीर खालच्या अंगाला आटणार, त्याला कुणी नोटीस देत नाही. त्याने स्वतः लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. ग्रामसभेचा ठराव घ्यावाच. त्याने एमआयडीसी थांबते असं नाही, पण पुढे कोर्टात गाव तेव्हाच बोललं होतं याचा तो पुरावा होतो.

‘तलाव म्हणजे पाणथळ, तो कायद्याने सुरक्षित’ हेही अर्धंच खरं. 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. येलदरी, निम्न दुधना, मासोळी, करपरा ही सगळी बांधलेली धरणं. गावतळं आणि गायरानावरच्या अतिक्रमणासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग निकाल उपयोगी पडतो.

भूजलासाठी राज्याचा 2009 चा कायदा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी फटींतून फिरतं. कंपनीच्या कुंपणातलं बोअर कुणाची विहीर ओढेल, हे वरून दिसत नाही.

नजर वरच्या अंगाला

तलाव वाचवायचा म्हणजे नुसती पाळ सांभाळून भागत नाही. येलदरीचं पाणी पूर्णा नदीतून येतं. वर बुलढाण्यात खडकपूर्णा भरलं, तिथून सोडलं, की येलदरी चढतं. निम्न दुधनाचं पाणी जालन्याकडून येतं. गावच्या तलावाचंही तसंच. वरच्या माळावर मुरूम काढला, नाला बुजवून सपाटी केली, लांबलचक भिंत घातली, तर पाऊस तेवढाच पडूनही तलावात पाणी कमी आणि गाळ जास्त येतो. डेटा सेंटरला जनरेटरसाठी डिझेलचा मोठा साठाही ठेवावा लागतो. तो आणि क्षाराचं पाणी कोणत्या नाल्याकडे आहे, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या अर्जात बघता येतं.

अटी मागता येतात

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात द डॅल्स नावाचं लहान शहर आहे. तिथल्या गुगलच्या सेंटरला किती पाणी जातं, हे सांगायला लागू नये म्हणून नगरपालिकाच एका वृत्तपत्राविरुद्ध कोर्टात गेली होती. डिसेंबर 2022 मध्ये तडजोड झाली आणि आकडा बाहेर आला : 2021 मध्ये शहराच्या एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. चिलीत सांतियागोजवळ लोकांनी हरकत घेतली, 2024 मध्ये पर्यावरण न्यायालयाने परवानगीचा फेरविचार करायला लावला, आणि कंपनीने हवेने थंड करण्याची पद्धत घ्यायचं जाहीर केलं. आपल्याकडे नवी मुंबई महापालिका शुद्ध केलेलं सांडपाणी एमआयडीसीतल्या उद्योगांना देते. तेव्हा तलावाचं गोडं पाणीच हवं, हा हट्ट मान्य करायचं कारण नाही. हवेने थंड करा, शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी घ्या, टंचाईत आधी तुमची कपात, रोजच्या मीटरचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर. या अटी करारात असल्या तरच उपयोग. भाषणातल्या आश्वासनाला धरणावर कुणी विचारत नाही.

माहितीचा अर्ज संबंधित पाटबंधारे विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. त्यात विचारावं : या तलावातून बिगरसिंचन कोटा कुणाकुणाला मंजूर आहे, किती दलघमी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नवे अर्ज कोणाचे आलेत, मंजुरी आदेश व करारनाम्याच्या प्रती द्याव्यात. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.