माळीणचा डोंगर आणि काजळीचे कण : दाब मोजण्याच्या विद्येचा इतिहास

१/ ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर सकाळी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव दिसत नाही, हे बाहेरच्या जगाला कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. डोंगराच्या पोटातला दाब आधी मोजता येतो का? या विद्येचा आरंभ १९व्या शतकात होतो.

२/ १८५६ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी तांब्याच्या व लोखंडाच्या तारा ताणून पाहिल्या. ताणाबरोबर तारेचा विद्युत रोध वाढत होता. डोळ्यांना न दिसणारा ताण विजेच्या आकड्यात वाचता येतो, हे त्यातून दिसले.

३/ १८७७ मध्ये एडिसनने दूरध्वनीसाठी काजळीची वडी वापरली. आवाजाने वडी दाबली गेली की कण एकमेकांना अधिक भिडत आणि रोध घटे. येथे रोध ठरवत होता तो कणाकणांमधील स्पर्श.

४/ १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे, पृष्ठभागावर चिकटवायच्या बारीक तारेचा ताणमापक घडवला. रूज तेव्हा भूकंपात पाण्याच्या टाक्यांवर येणाऱ्या ताणांचा अभ्यास करत होते.

५/ एडिसनच्या वडीचे आजचे वंशज म्हणजे पॉलिमरमध्ये कार्बन मिसळून केलेले बलसंवेदक. पॉलिमर वीज अडवतो, कार्बन वाहून नेतो. कार्बनचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की कणांच्या साखळ्या जुळतात. दाब पडला की नव्या वाटा उघडतात आणि रोध उतरतो.

६/ मात्र पॉलिमर दाबाखाली सावकाश सरकत राहतो. वजन तेच असले तरी रोध बदलत जातो. वजन चढवताना मिळणारा आकडा उतरवताना मिळत नाही. म्हणून त्याच्या गणिती प्रारूपात दाबाबरोबर काळ आणि पूर्वेतिहासही धरावा लागतो. वर्षानुवर्षे जमिनीत राहणाऱ्या उपकरणांत धातूच्या तारेवर भिस्त ठेवली जाते, ती याचमुळे.

७/ मातीही कणांचीच बनलेली असते. १९२०च्या दशकात कार्ल तर्झागी यांनी दाखवले की, मातीचे बळ कणांमधील दाबावर अवलंबून असते. छिद्रांत साचलेले पाणी कणांवरचा भार स्वतः उचलते, घर्षण घटते आणि उतार सुटतो. संवेदकात दाब कणांना जवळ आणतो. डोंगरात पाण्याचा दाब त्यांची पकड सोडवतो.

८/ माळीणमध्ये दरड सुटली ती मुसळधार पावसात. पडकईसाठी यंत्रांनी केलेले उतारांचे सपाटीकरण हेही एक कारण असल्याची चर्चा पुढे झाली.

९/ हा छिद्रदाब मोजता येतो. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विश्व विद्यापीठाने जमिनीत खोलवर छिद्रदाबमापक आणि ताणमापक बसवले होते. २००९च्या पावसाळ्यात त्यांच्या आधारे धोक्याचा इशाराही दिला गेला. माळीण त्यानंतर पाच वर्षांनी गाडले गेले.

१०/ वाचलेल्यांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले. नवे गाव २०१७ मध्ये उभे राहिले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आजही उतारांवर वस्त्या आहेत. त्यांच्यासाठी उपकरण हा अर्धाच उपाय होय. कोणत्या उतारावर, किती पावसानंतर, कोणता आकडा धोक्याचा, हे त्या त्या मातीचा अभ्यास करूनच ठरते. आणि तो आकडा कळताच मध्यरात्रीही गाव उठवणारी व्यवस्था लागते.